अल्पमोलाचा यंत्रचक्षु

कोणत्याहि नव्या विद्येचा इतिहास लिहूं लागलें कीं लेखकाचें लक्ष प्रथम मोठ्या प्रयोगशाळांकडे आणि मोठ्या नांवांकडे जातें. तें स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळें इतिहासाची एक बाजू नेहमीं अंधारांत राहते. ती बाजू तुटपुंज्या साधनांची होय. द्रव्य थोडें, यंत्र सामान्य, वेळ अपुरा, अशा अडचणींत सांपडलेल्या माणसानें युक्तीनें जी पाऊलवाट काढली, तीच पुढें राजमार्ग झाली, असें शास्त्राच्या इतिहासांत अनेकदां घडलें आहे. यंत्राला पाहावयास शिकविण्याची जी विद्या गेल्या साठसत्तर वर्षांत उदयास आली, तिच्या इतिहासांत तर ही गोष्ट पदोपदीं प्रत्ययास येते. त्या इतिहासाचें स्थूल दिग्दर्शन करावें, आणि त्यांतून आपल्या गांवखेड्यांतील विद्यार्थ्यांनीं व वडील मंडळींनीं काय घ्यावें याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम विषयाची मर्यादा आंखून घेऊं. समोरच्या वस्तूचें चित्र घेणें ही एक गोष्ट, आणि त्या चित्रांत काय आहे हें यंत्रानेंच ओळखून वेळेवर उत्तर देणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिली कला पावणेदोनशें वर्षांहून जुनी आहे. दुसरी आपल्या डोळ्यांदेखत वाढली. या दुसरीस आपण तत्काळ चित्रसंस्करण म्हणूं. यांतील 'तत्काळ' या शब्दाचा अर्थ 'अतिशय लवकर' असा नाहीं. तो 'कामाची वेळ टळण्यापूर्वीं' असा आहे. पट्ट्यावरून सरकणारा नासका कांदा पुढें जाण्यापूर्वीं ओळखला पाहिजे. तेथें अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे उत्तर न मिळण्यासारखेंच. उलट पाटाचें पाणी किती चढलें हें पांच मिनिटांनीं कळलें तरी तें वेळेवर कळलें असेंच म्हणावें लागेल. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

हा विषय ओझरच्या अनुषंगानें मांडण्यास कारण आहे. नाशिकाहून मुंबई-आग्रा रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर हें गांव लागतें. द्राक्षांचे मळे, खंडेरायाची यात्रा आणि विमानांचा कारखाना यांनीं तें ओळखलें जातें. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ सालीं स्थापन झाला, आणि सोव्हिएट रशियाच्या परवान्यान्वयें 'मिग-२१' जातीचीं लढाऊ विमानें येथें तयार होऊं लागलीं. पुढें मिग-२७ व सुखोई-३० याहि विमानांची बांधणी येथेंच झाली. मिग-२१ विमानानें २०२५ च्या सप्टेंबरांत वायुदलाचा निरोप घेतला, तरी गांवाच्या नांवास जोडलेला 'मिग' हा शब्द लोकांच्या तोंडून गेलेला नाहीं. ओझरांत यंत्रविद्या आली ती अशी: परवाना घेऊन, कुलुपबंद नकाशांतून आणि पहाऱ्याच्या आंत. देशाच्या संरक्षणाच्या कामीं तें अपरिहार्यच होतें. परंतु तींतलें ज्ञान कुंपणाबाहेरच्या मुलाच्या हातीं सहसा पडावयाचें नाहीं, हेंहि खरेंच. ज्या विद्येचा इतिहास आपण पाहणार आहों, ती मात्र बाजारांतून, उघड्या दारानें आली. दोन्ही वाटा एकाच गांवांत शेजारीं शेजारीं नांदत असल्यामुळें त्यांतला भेद येथें जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

या इतिहासाचा पहिला धागा याच जिल्ह्यांत सांपडतो. ओझरपासून पन्नास किलोमीटरांच्या आंत त्र्यंबकेश्वर आहे, आणि तेथें ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना जो ध्यास लागला, त्यांत रात्रंदिवस चित्रपट पाहण्यानें त्यांच्या दृष्टीवर इतका ताण पडला कीं कांहीं काळ त्यांना दिसेनासें झालें. दृष्टि परत आल्यावर विमापत्र गहाण टाकून ते १९१२ सालीं विलायतेस गेले आणि विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठीं भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनीं जो प्रयोग केला तो आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. कुंडींत वाटाण्याचें बीं पेरून, कॅमेरा एका जागीं स्थिर ठेवून, सुमारें महिनाभर ते थोड्या थोड्या अवकाशानें एकेक चित्र घेत राहिले. हीं चित्रें एकामागून एक पडद्यावर दाखवितांच बीजाला अंकुर फुटून वेल वाढतांना मिनिटभरांत दिसली, आणि पैसे उभे राहिले. सरस्वतीबाई फाळके यांनीं फिल्मला भोंकें पाडण्यापासून सर्व कामांत हातभार लावला, आणि घरांतल्याच जागेंत फिल्म धुण्याची सोय झाली.

या प्रयोगांतला हिशेब पाहा. सेकंदास सोळा चित्रें धरलीं तर मिनिटास ९६० चित्रें होतात. महिन्याचे सेकंद भरतात पंचवीस लक्षांच्या वर. म्हणजे सरासरीनें पाऊण तासास एक चित्र ठेवून बाकीचा सारा काळ फाळक्यांनीं टाकून दिला, आणि टाकला म्हणूनच तो अंकुर डोळ्यांना दिसला. काय ठेवावें याबरोबरच काय टाकावें हें ज्याला कळलें त्यालाच चित्रांची मालिका वश होते, हें तत्त्व येथें प्रथम आपल्या लोकांच्या हातून प्रकट झालें. फाळक्यांना एक अडचण मात्र दूर करतां येण्यासारखी नव्हती. चित्र घेणें आणि तें पाहणें यांमध्यें फिल्म धुण्याचा व सुकविण्याचा काळ जावयाचाच. यापुढचा इतिहास हें अंतर मिटविण्याचा इतिहास आहे.

अंतर मिटविण्यास चित्राचे अंक व्हावे लागले. १९५७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल कर्श नांवाच्या गृहस्थांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र संगणकांत घातलें. त्या चित्राचे आडवे १७६ व उभे १७६ असे तुकडे पाडलेले होते. म्हणजे सारें चित्र ३०,९७६ बिंदूंचें. आज या बिंदूस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेल म्हणजे तेथें उजेड किती हें सांगणारा अंक. आणि चित्र एकदां अंकांचें झालें कीं त्याची वजाबाकी, सरासरी, तुलना, सर्व कांहीं करतां येतें. या एका कल्पनेंतून पुढची सारी विद्या निघाली.

परंतु अंक मोजण्यास व पाठविण्यास वेळ फार लागे. ओझरचा कारखाना ज्या वर्षीं निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेनें मंगळाकडे 'मरिनर ४' हें यान पाठविलें. १९६५ च्या जुलैंत त्यानें मंगळाजवळून चित्रें घेतलीं. एकेक चित्र आडवे-उभे दोनदोनशें बिंदूंचें, आणि एकेक पृथ्वीवर पोंचावयास आठ तासांच्या वर वेळ लागे. पोंचलेल्या अंकांचें चित्र यंत्रानें तयार करीपर्यंत धीर न धरवून तेथील शास्त्रज्ञांनीं अंकांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारीं शेजारीं लावल्या आणि अंकांप्रमाणें खडूंनीं हातानें रंग भरले. मंगळाचें तें चित्र यंत्राच्या आधीं माणसाच्या हातून पुरें झालें. अंकांपासून चित्र होतें कसें हें मुलांना समजावून सांगावयाचें असेल, तर याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

यानंतरचीं तीस वर्षें यंत्र स्वस्त होण्याचीं आहेत. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून बिंदुबिंदूंनीं तें वाचणारी सिलिकॉनची चकती योजिली. या कामाबद्दल त्यांना २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं अशाच चकतीचा कॅमेरा बनविला. एक चित्र ध्वनिफितीवर उतरावयास त्याला तेवीस सेकंद लागत. खरें स्वस्तपण आलें तें १९९० नंतर. एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनीं अंतराळयानांसाठीं हलके कॅमेरे शोधतां शोधतां अशी रीत सिद्ध केली कीं संगणकाच्या चिपा ज्या पद्धतीनें बनतात त्याच पद्धतीनें प्रकाश टिपणाऱ्या चकत्याहि बनाव्या. ज्या कारखान्यांनीं संगणक स्वस्त केले त्यांनींच मग डोळेहि स्वस्त केले. आज प्रत्येक मोबाइलांत जो कॅमेरा आहे तो याच वंशांतला.

स्वस्त यंत्राचा उपयोग लोकांनीं प्रथम कशास केला? १९९१ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंतील मंडळी कॉफीच्या किटलीपर्यंत जिने चढून जात आणि किटली रिकामी सांपडे. त्यांनीं किटलीपुढें एक कॅमेरा रोखला आणि १२८ बिंदू रुंद व तितकेच उंच असें करड्या रंगाचें चित्र, मिनिटास दोनतीनदां, सर्वांच्या संगणकांवर दिसेल अशी सोय केली. तें चित्र पुढें इंटरनेटवर आलें आणि २००१ पर्यंत जगभर पाहिलें गेलें. वरकरणीं हा पोरखेळ वाटेल. पण किटली भरली आहे कीं नाहीं एवढें कळावयास किती बारीक व किती वेळां चित्र हवें, याचें उत्तर त्या मंडळींनीं बिनचूक दिलें होतें. त्याहून अधिक मागितलें असतें तर त्या काळच्या यंत्रांना तें पेललें नसतें. १९९४ सालीं 'क्विककॅम' नांवाचा शंभरएक डॉलरांचा चेंडूएवढा कॅमेरा विक्रीस आला. त्याचें चित्र करड्या रंगाच्या अवघ्या सोळा छटांचें असे. तेव्हांपासून घरच्या टेबलावरील संगणकास डोळा मिळाला.

डोळा मिळाला, पण पाहणें निराळें. येथें पुन्हा थोडा हिशेब करणें अवश्य आहे. साध्या वेबकॅमेऱ्याचें चित्र ६४० बिंदू रुंद व ४८० बिंदू उंच असतें. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक. आणि सेकंदास तीस चित्रें. गुणाकार केला तर सेकंदास दोन कोटी शहात्तर लक्षांवर अंक यंत्रापुढें येऊन पडतात, आणि प्रत्येक चित्रासाठीं वेळ मिळतो तो सेकंदाचा तिसावा हिस्सा. एवढे सारे अंक सारख्याच काळजीनें तपासूं म्हणणारा यंत्रकार कधींच वेळेवर पोंचणार नाहीं. म्हणून या शास्त्रांतील थोर युक्त्या पाहूं गेलें तर त्या बहुतेक टाकून देण्याच्या युक्त्या आहेत.

सर्वांत साधी युक्ति अशी: रंग टाकावा आणि चित्र दोन्ही बाजूंनीं निम्मे करावें. नऊ लक्ष एकवीस हजारांवर अंक असलेलें चित्र यानें ७६,८०० अंकांचें होतें. म्हणजे काम एकदम बारा पटींनीं घटलें. दुसरी युक्ति वजाबाकीची. आतांच्या चित्रांतून मागचें चित्र वजा करावें; जें हललें नाहीं तें शून्य होऊन गळून पडतें, आणि उरतें तें बदललेलें. पण वाऱ्यानें पान हललें, पाण्यावर ऊन चमकलें, तरी यंत्राला तें बदललेलेंच वाटतें. यावर १९९९ सालीं ख्रिस स्टॉफर व एरिक ग्रिमसन यांनीं असा उपाय मांडला कीं प्रत्येक बिंदूनें आपले नेहमींचे दोनचार रंग स्मरणांत ठेवावे. पिंपळाच्या पानामागें कधीं आकाश, कधीं पान दिसावयाचेंच. दोन्ही नेहमींचींच, म्हणून दोन्ही टाकावीं. या दोहोंत न बसणारा रंग आला कीं मगच कोणी आलें असें समजावें. घरचा जुना राखणदार कुत्रा पानांच्या सळसळीवर भुंकत नाहीं, तोच हा न्याय.

तिसरी युक्ति सर्वांत प्रसिद्ध. २००१ सालीं पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनीं चित्रांतील मनुष्याचे चेहरे ओळखण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिनें त्या वेळच्या साध्या संगणकावर ३८४ बिंदू रुंद व २८८ उंच अशीं चित्रें सेकंदास पंधरा या गतीनें तपासलीं. रीत चाळणीची आहे. चित्राचा प्रत्येक लहान चौकोन प्रथम एका ढोबळ चाळणींतून जातो. तेथें दोनच खुणा पाहावयाच्या: डोळ्यांचा पट्टा गालांहून काळसर आहे काय, आणि नाकाचा दांडा दोहों बाजूंच्या डोळ्यांहून उजळ आहे काय. नसेल तर तो चौकोन तत्क्षणीं टाकून द्यावा. उरलेल्यांसाठीं दुसरी, त्याहून बारीक चाळण, मग तिसरी. भिंत, आकाश, झाडें हीं पहिल्या दोनतीन चाळणींतच गळतात आणि यंत्राचे कष्ट खऱ्या चेहऱ्यांसाठीं शिल्लक राहतात. धान्य पाखडणाऱ्या बाईस ही रीत समजावून सांगावी लागणार नाहीं.

ह्या युक्त्या ग्रंथांत राहिल्या असत्या तर आपल्यापर्यंत पोंचावयास आणखी पिढी लागली असती. परंतु १९९९ मध्यें इंटेल कंपनींत गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकारानें 'ओपनसीव्ही' नांवाचा आज्ञावलींचा संग्रह तयार होऊं लागला आणि तो सर्वांस विनामूल्य देण्यांत आला. २०१२ सालीं 'रास्पबेरी पाय' हा पस्तीस डॉलरांचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक निघाला. पुढच्याच वर्षीं त्याला जोडावयाचा पंचवीस डॉलरांचा कॅमेराहि आला. मरिनरच्या काळीं जें एका राष्ट्राच्या सामर्थ्याचें काम होतें, तें अर्ध्या शतकांत महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आलें.

ज्या घरीं शिकता मुलगा वा मुलगी आहे त्या घरच्या वाचकांसाठीं येथें चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आरंभास महाग कॅमेरा मुळींच नको. घरांतला जुना संगणक व साधा वेबकॅमेरा पुरतो. कॅमेरा घट्ट बसवावा, कारण तो स्वतःच हलला तर वजाबाकींत सारेंच जग हललेलें दिसतें. स्वस्त कॅमेरा उजेडाप्रमाणें आपली उघडझांप आपणच कमीजास्त करतो. ढग आला कीं सारें चित्र बदलतें आणि यंत्र फसतें. म्हणून ती सोय बंद करतां येत असेल तर करावी. प्रयोग प्रथम साठवून ठेवलेल्या चित्रफितीवर करावा, मग जिवंत चित्रावर. जिवंत चित्रावर काम करतांना एक खोच ध्यानांत ठेवावी. आपली आज्ञावली मंद असली तर न पाहिलेलीं चित्रें रांगेंत साचतात, आणि यंत्र वर्तमान म्हणून भूतकाळ पाहत बसतें. तेथें शिळीं चित्रें न पाहतां टाकून सर्वांत ताजें तेवढें घ्यावें. शेवटीं यंत्रानें मोजलेलें स्वतः डोळ्यांनीं दहा मिनिटें मोजून ताडून पाहावें. हें ताडून पाहणें ज्यानें टाळलें त्यानें विद्या शिकण्याचें टाळलें असें खुशाल समजावें.

स्वस्त डोळ्याचा एक जन्मजात दोषहि सांगितला पाहिजे. त्याची चकती सारें चित्र एका क्षणीं घेत नाहीं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ती क्रमानें वाचली जाते. वाचावयास सेकंदाचा तिसावा हिस्सा लागतो असें धरलें, तर ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तेवढ्यांत दोन फुटांहून अधिक सरकते आणि चित्रांत तिरकी होऊन येते. ताशीं २७० किलोमीटर वेगाचें विमान तर अडीच मीटर पुढें गेलेलें असतें. ओझरास विमानतळ व कारखाना यांचीं चित्रें घेण्यास मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण आग्रा रस्त्यावरच्या रहदारींत हा चमत्कार कोणालाहि पाहतां येईल. यंत्र सांगतें तें सत्य नसून यंत्राच्या रचनेंतून गाळून आलेलें सत्य असतें, हा धडा त्यांतून आपोआप मिळतो.

आतांपर्यंत टाकून देण्याच्या कलेचें वर्णन वेगाच्या दृष्टीनें केलें. पण या जिल्ह्यांत ती कला जिवावरची गोष्ट झालेली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या सिंहस्थांत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखीं पडले. गर्दींतला मनुष्य आपल्या पुढच्या दोन पाठी पाहतो. शंभर पावलांवर वाट तुंबली आहे हें त्याला कळत नाहीं, आणि बंदोबस्तावरच्या शिपायालाहि वेळेवर कळत नाहीं. कोणत्या गल्लींत या क्षणीं किती माणसें आहेत, हा प्रश्न तत्काळ या शब्दाच्या खऱ्या अर्थानें तत्काळ आहे. त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं मिळून काय उपयोग?

पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थापूर्वीं या प्रश्नावर नाशकांत एक उल्लेखनीय उद्योग झाला. अमेरिकेंतील एम. आय. टी. विद्यापीठाच्या माध्यम प्रयोगशाळेंत छायाचित्र व संगणक यांच्या मीलनावर संशोधन करणारे प्रा. रमेश रासकर हे नाशिकांत वाढलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले. २०११ मध्यें प्रसिद्धीस आलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेंतील कॅमेऱ्यानें प्रकाशाचा प्रवासहि टप्प्याटप्प्यानें दाखविला; तो अर्थातच अतिशय महाग सरंजामाचा प्रयोग होता. पण त्यांच्याच गटानें २०१० सालीं मोबाइलच्या पडद्यावर लावावयाचें एक अल्पमोलाचें भिंग करून, तेवढ्यावर चष्म्याचा नंबर काढण्याची रीतहि दाखविली होती. त्यांच्या पुढाकारानें 'कुंभथॉन' या नांवाखालीं तरुण मंडळी सिंहस्थाच्या अडचणींवर काम करावयास जमली. त्यांत गर्दी मोजण्यासाठीं नाशिकच्या एका शाळकरी मुलानें जी युक्ति काढली, तींत कॅमेरा नव्हताच. वाटेवर एक चटई अंथरावयाची. तिच्यावर पडणाऱ्या पावलांचा दाब मोजून किती माणसें गेलीं हें सांगावयाचें.

कॅमेऱ्याच्या इतिहासांत या चटईचा उल्लेख मुद्दामच केला आहे. प्रश्न किती माणसें एवढाच होता. कोण माणसें हा नव्हता. चटईनें चेहरा, जात, वेष, गांव हें सारें टाकून पाऊल तेवढें घेतलें. कॅमेऱ्यालाहि हें शक्य आहे. गर्दीचें चित्र लगेच अंकांत बदलून, मोजदाद करून, मूळ चित्र त्याच क्षणीं पुसून टाकतां येतें, आणि त्यानें मोजदादींत रेसभरहि उणें येत नाहीं. परंतु साठवण स्वस्त झाल्यापासून 'असूं द्या, पुढें कधीं उपयोगीं पडेल' अशी वृत्ति बळावत चालली आहे. चेहरे साठवावे, ते ओळखावे, त्यांवरून माणसांची यादी करावी, हा मोह मोठा आहे. त्यांत ओळखण्याचें यंत्र निर्दोषहि नाहीं. २०१८ सालीं जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनीं चेहऱ्यावरून स्त्री कीं पुरुष सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हां गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक शेंकडा एकाहूनहि कमी, तर काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतींत ती एका यंत्रणेंत शेंकडा चौतीसांवर गेलेली आढळली. चाळण ज्या नमुन्यांवर विणली त्यांत जे नव्हते, ते तिच्यांतून भलतीकडेच पडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. पर्वणीस स्नानाला येणारी म्हातारी आपला चेहरा कोणाच्या दप्तरीं ठेवावयास आलेली नसते. तिला गर्दींतून सुखरूप परत जावयाचें असतें, आणि तेवढें करावयास तिच्या चेहऱ्याची गरज नाहीं.

येथें प्रश्न यंत्राचा राहत नाहीं. मोजमाप कोणाच्या हातीं, हा होतो. त्याचें एक उदाहरण ओझरनेंच घालून दिलें आहे. वाघाड धरणाच्या पाटाचें पाणी शेवटच्या टोंकाच्या शेतांना नीट मिळत नसे. तेव्हां समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नानें १९९० नंतर ओझर भागांत शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनीं पाणी मोजून घेतलें आणि आपसांत मोजूनच वांटलें. शेतकऱ्यांची फसवणूक थांबली ती मोजपट्टी त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखालीं आली म्हणून. माप उघड्यावर होतें, कोणीहि जाऊन वाचावें असें होतें, आणि तें पाणी मोजीत होतें, माणसें नव्हे.

ओझरच्या विद्यार्थ्याला पहिला धडा सुचवावयाचा झाला तर आम्ही हाच सुचवूं. पाटाच्या कडेला रंगवलेली मोजपट्टी असते. तिच्यासमोर, ज्यांचा पाट त्यांच्या संमतीनें, एक स्वस्त कॅमेरा रोखावा. पट्टी जेथें दिसेनाशी होते ती पाण्याची रेघ. चित्राची ती उभी चिंचोळी फीत तेवढी ठेवावी, बाकी सारें टाकावें. वरून खालीं अंक वाचीत जावें आणि उजळ-काळ्याची फेरपालट जेथें थांबते ती ओळ शोधावी. पाणी हलतें म्हणून दहावीस चित्रांतल्या रेघांची मधली किंमत घ्यावी. पांच मिनिटांस एक उत्तर मिळालें तरी पुष्कळ झालें. हें साधल्यावर मग रस्त्यावरचीं वाहनें, मग चंपाषष्ठीच्या यात्रेंत बारागाड्यांच्या वाटेवरची गर्दी मोजावी. आणि मोजणी होतांच चित्र पुसण्याची आज्ञा पहिल्याच दिवशीं आज्ञावलींत लिहून ठेवावी. मागाहून ती लिहावयाची राहून जाते.

फाळक्यांनीं महिन्याचा काळ टाकून एक अंकुर दाखविला. त्यांच्या हातांत फिल्म महाग होती, म्हणून काय टाकावें याचा विचार त्यांना करावाच लागला. आजच्या मुलांच्या हातांत सारेंच स्वस्त आहे, आणि नेमका तोच विचार करण्याचें बंधन त्यांच्यावर राहिलेलें नाहीं. तें बंधन घरानें, शाळेनें आणि पुढें २०२६-२७ च्या सिंहस्थासारख्या कामीं सरकारनें आपण होऊन पत्करलें पाहिजे. कॅमेरा बसविण्यापूर्वीं, त्यानें काय पाहावें याच्या यादीशेजारीं त्यानें काय ठेवूं नये याचीहि यादी लिहिली जावी, आणि पाटाच्या मोजपट्टीप्रमाणें ती चारचौघांस वाचतां येईल अशा ठिकाणीं लावलेली असावी.